जूनच्या नोटिसा

मी मांडवीहून चालत ज्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून जायची, त्या वकीलसाहेबांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर घेतला. मुंबईच्या जावयांनी गळ घातली म्हणून घेतला, असं ते सांगत. जावई काही बोलले नसते तरी घेतला असता. त्या मशीनला मराठी येत नव्हतं, पण साहेबांच्या नोटिसा तशाही इंग्रजीत असत. ज्याला नोटीस जाते त्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, आणि तेवढ्यात निम्मं काम होतं, असं त्यांचं मत होतं.

तेव्हा माऊस वगैरे नव्हता. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. साहेबांना हे फार पटलं. कोर्टात त्यांचं इतकं निमूट कोणी ऐकत नसे.

हळूहळू फाइलींची यादी पडद्यावर मावेना. जूनच्या नोटिसांसाठी वेगळा कप्पा करू या, असं मी सुचवलं होतं. मी रजिस्टर पत्रं टाकायला पोस्टात गेले, तेवढ्यात साहेबांनी ते काम स्वतःच उरकलं.

परत आले तर समोर नाटे गावचा एक पक्षकार बसलेला. तरुणपणी बोटीवर नोकरी केलेला, आता स्वतःची मच्छीमार लाँच असलेला. जाळ्यांच्या वाटणीवरून मेव्हण्याला पाठवायची त्याची नोटीस मी सकाळीच टाइप केली होती.

"सगळ्या नोटिसा जूनच्या कप्प्यात टाकल्या," साहेब म्हणाले. "आणि आधीच्या जागच्या पुसल्या. दोन दोन प्रती कशाला?"

"कप्पा आधी तयार केला होता ना?"

"तो आपोआप होत असेल."

होत नाही. कप्पा नसला की मशीन त्या नावाची एक फाइल करतं आणि सगळ्या नोटिसा एकीमागे एक तिच्यात ओततं. वर 'एक फाइल कॉपी झाली' असं सांगतंही. साहेबांनी त्याचा अर्थ 'एक काम झालं' असा लावला होता.

मी यादी काढली. "साहेब, जून नावाची एकच फाइल दिसतेय."

"मग तीच छाप. हे खोळंबलेत."

प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. पहिली नोटीस हद्दीवरच्या दगडी गडग्याची होती, दुसरी फणसाच्या झाडाची. सलग कागद टेबलावरून खाली उतरून पक्षकाराच्या पायांशी पोचला. त्यानं तो उचलला आणि जाळं आवरावं तसा नीट घड्या घालायला लागला. घड्या घालता घालता वाचायलाही लागला. बोटीवर राहून त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

"थांबवू का?" मी साहेबांना विचारलं.

"यांची येऊ दे."

त्याची सगळ्यात शेवटी होती. ती येईपर्यंत त्यानं बाकीच्या सगळ्या वाचल्या. कोणाचा भाऊ, कोणाचा चुलता, कोणाची सख्खी बहीण.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "यातल्या कोणाचं मिटलं का?"

साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकाचं मिटलं. तो वारला."

त्यानं कागदाचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "माझी नका पाठवू इतक्यात," म्हणाला, आणि छत्री घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं ती फाइल फोडायला बसलो. ते वाचत, एक नोटीस कुठे संपते ते दाखवत. मी तेवढा तुकडा उचलून वेगळ्या नावानं ठेवत असे. अर्धंअधिक काम झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मी एकच नोटीस लिहीत आलोय," ते म्हणाले. "फक्त झाडं बदलतात."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते, म्हणून मी पुढचा तुकडा उचलला.

शेवटी नाटेवाल्याची नोटीस आली. "ही ठेवायची?"

"ठेव. येईल तो."

ठेवली. मी तिथे होते तोवर तरी तो आला नाही.