भात सोडून सोळा किलोमीटर

मंडळी, आज सकाळी अकराव्या किलोमीटरला माझे पाय संपले.

पुढच्या महिन्यात एकवीस किलोमीटर धावायचंय, म्हणून लाखनीबाहेरच्या गावरस्त्यावर सोळाचा सराव ठेवला होता. वजन कमी झालं की वेग वाढतो, असं कुठंतरी वाचून मी पंधरा दिवसांपासून भात बंद केला होता. आज निघताना फक्त काळी कॉफी घेतली होती.

डोळ्यांपुढं अंधारी आली तशी रस्त्याच्या कडेला बसले. बाजूच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा सुरू होता, बाया वाकून रोपं लावत होत्या. चिखलातून एक मावशी वर आल्या.

"काहून बसली वं? सकाळी काय खाल्लं?"

"काहीच नाही. धावायचं होतं ना."

"आमी तं पेज पिल्याबिगर बांधीत पाय नाही ठेवत. आन् तू उपाशी पळून राहिली?"

त्यांनी डब्याच्या झाकणात भाताची पेज ओतली, वर चिमूटभर मीठ टाकलं. मी दोन झाकणं प्याले. पंधरा-वीस मिनिटांनी पाय परत माझे झाले.

मी उठले तशी मावशींनी विचारलं, "एवढी पळत कुठी जाऊन राहिली?"

"कुठंच नाही मावशी. फिरून घरीच."

"मंग घरूनच जेवून निघत जा नं."

उरलेले पाच किलोमीटर सावकाश, पण पळतच पूर्ण केले. आत्ता समोर ताटात भात आहे आणि मी खुशीत आहे.

खरं सांगा, धानाच्या या भंडारा जिल्ह्यात राहून भात सोडायची हुशारी अजून कोणी केलीये, की मी एकटीच?