चंद्रविलास टॉकीजचा भव्य गाळा

आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत एकदाही कुणी ‘ए ऑपरेटर!’ म्हणून ओरडलेलं न्हाई. हे मी न्हाई सांगत, तेच सांगतेत, अन् आठवड्यातून दोनदा तरी सांगतेत. टॉकीजमध्ये पडद्यावर अंधार झाला की पब्लिक शिट्ट्या मारतं, खुर्च्या आपटतं अन् मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, हे सगळ्या जालन्याला माहीत. पण चंद्रविलास टॉकीजमध्ये ह्यांच्या, म्हणजे रामकिसनच्या, हाताखाली अंधार झाला न्हाई म्हणजे न्हाई. मी म्हणते, न्हाई झाला तर न्हाई झाला, त्याचं काय लोणचं घालायचं?

पण त्यालाबी कारण होतं. हे आष्टीहून जालन्याला आल्ते ते टॉकीजमध्ये झाडू मारायला. वस्तीतलं पोरगं, मशीनच्या खोलीत पाय ठेवायची सोय नव्हती. सहा वर्षं बाहेरून नुसता उजेड बघितला. मंग एका दिवाळीत जुना ऑपरेटर न सांगता गावाला पळाला. बाहेर हाऊसफुल्ल पब्लिक, मालकाचा जीव वर-खाली. तेव्हा कुठं मालकाला आठवलं, की झाडूवाला रोज दारातून टुकूटुकू बघत असतो. त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा रीळ लावलं, अन् मनात म्हणले, आज अंधार झाला तर लोक मशीनला न्हाई, माझ्या जातीला शिव्या देतील. त्या दिवशी झाला न्हाई. मंग पुढंबी कुणाला बोलायला जागा ठेवायची न्हाई, असं ठरवून टाकलं त्या माणसानं.

आता रिळातला पिक्चर येतच न्हाई. सगळं डिजिटल. त्यामुळं चंद्रविलास बारा वर्षांपासून बंद. तरी हे रोज सकाळी किल्ली घेऊन जायचे, मशीनला तेल घालायचे, फडक्यानं पुसायचे, दुपारी जेवायला यायचे. लोकांचे नवरे बाई ठेवतेत, माझ्यानं मशीन ठेवली होती. बाई असती तर मी जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्या.

औंदा मालकानं सांगून टाकलं, “दिवाळीपर्यंत नवीन मशीन बसली तर टॉकीज चालू ठेवतो. न्हाई बसली तर पाडतो अन् गाळे बांधून विकतो.” जुना जालना म्हणजे कापडाचं अन् धान्याचं ठोक मार्केट, तिथं गाळ्याला सोन्याचा भाव. त्या रात्री हे जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशीबी अर्धीच भाकर खाल्ली. मंग मला कळलं की प्रकरण सीरियस हाय.

तेवढ्यात शरदचंद्र साहेब धावून आले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पेन्शन भरपूर, काम काहीच न्हाई, त्यामुळं गावात कुठंबी समिती निघाली की अध्यक्ष हेच. त्यांनी ‘चंद्रविलास बचाव समिती’ काढली. त्यांची सून भार्गवी पुण्याची. ती म्हणली, “बाबा, नुसती वर्गणी मागून कोणी देत नाही. आपण गाला करू.” साहेबांनी विचारलं, “गाला म्हणजे?” ती म्हणली, “म्हणजे मोठ्या लोकांना बोलवायचं, खाणंपिणं, थोडा जुना सिनेमा, भाषण, आणि शेवटी देणग्या.” साहेबांना पटलं. त्यांनी एका कागदावर लिहून फ्लेक्सवाल्याकडं दिलं, ‘चंद्रविलास टॉकीजचा भव्य गाला’.

फ्लेक्सवाला शहाणा. त्यानं उभ्या आयुष्यात गाला ऐकला नव्हता. त्याला वाटलं साहेबांचं वय झालं, ‘ळ’चा ‘ल’ झाला असंल. त्यानं आपल्या मनानं सुधारून दिलं. दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फ्लेक्स लागले, ‘चंद्रविलास टॉकीजचा भव्य गाळा. रविवारी दुपारी चार वाजता. व्यापारी बंधूंनी अगत्य येण्याचे करावे.’ खाली शरदचंद्र साहेबांचा हात जोडलेला फोटो अन् मोबाईल नंबर.

मंग काय विचारता! साहेबांचा फोन थांबंना. “किती बाय किती?” “शटर रोडकडून का आतून?” “कोपऱ्याचा कुणाला दिला का?” साहेब प्रत्येकाला सांगून राह्यले, “अहो गाळा नाही, गाला, गाला!” समोरचा म्हणायचा, “तेच म्हणलो मी, गाळा.” बद्रीनाथ शेठ, कापडाचे मोठे व्यापारी, त्यांनी तर सरळ सांगितलं, “साहेब, भाव वाढवायची ही आयडिया बराबर हाय. पण तळमजल्याचा आपल्याला पायजे.”

साहेबांनी डोक्याला हात लावला अन् फ्लेक्स उतरवायला निघाले. भार्गवीनंच अडवलं. म्हणली, “राहू द्या बाबा. येतायत ना? एकदा आत आले की बघू.” पोरगी पुण्याची असली तरी व्यवहाराची पक्की.

शनिवारी साहेब आमच्या घरी आले. मी चहा ठेवला. ते खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणले, “रामकिसन, उद्या तू जुनं रीळ चालवशील. पण एक कर. नीट चालवू नको. दोनदा रीळ तुटलं पाहिजे, एकदा अंधार झाला पाहिजे. लोकांना दिसलं पाहिजे की मशीन अगदी टाकाऊ झालं आहे. तरच ते नव्या मशीनला पैसे देतील.”

ह्यांचं तोंड असं झालं, की जशा कुणी दोन कानाखाली दिल्या. तरी म्हणले, “हो साहेब.”

साहेब गेल्यावर मी म्हणलं, “एवढंच तर काम हाय. चांगलं चालवायला अक्कल लागते, वाईट चालवायला काय लागतं?”

“तुला न्हाई कळायचं, बेबी.”

“मला सगळं कळतं. टॉकीज वाचवायची का न्हाई? अंधार करा.”

मंग संध्याकाळभर बाजेवर बसून हवेत हात फिरवू लागले. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणले, “चुकायची प्रॅक्टिस करून राह्यलो.” खोटं सांगत न्हाई, हवेतबी त्यांचा हात चुकत नव्हता.

रविवारी चारच्या आधीच टॉकीज भरली. व्यापारी नुसते येऊन बसले न्हाईत, काहींनी मोजायचा टेप आणला होता. एक जण तिकीटखिडकीपासून जिन्यापर्यंत मापं घेऊन राह्यला. भार्गवीनं समोसे अन् कोल्ड्रिंक वाटले, ते सगळ्यांनी गाळ्याच्या आनंदात खाल्ले. मी बाल्कनीत अगदी मागं, मशीनच्या खोलीच्या दाराशी बसले. आत हे नवीन शर्ट घालून उभे होते. मी डोळ्यानं खुणावलं, अंधार करा बरं का. त्यांनी मान हलवली.

अन् पिक्चर सुरू झाला. काय सांगू बाई! चंद्रविलासचा पडदा बारा वर्षांनी उजळला, अन् असा उजळला की खाली टेपवाल्यांचे टेप हातातच राह्यले. हिरॉईनच्या कानातली कुडीसुद्धा लखलख करून राह्यली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ना रीळ तुटलं, ना चित्र हाललं. मी दारातून आत बघितलं. हे घामानं डबडबले होते अन् दोन्ही हात मशीनवर. मी दात-ओठ खाऊन म्हणलं, “तोडा ना!” ते म्हणले, “तोडतो, तोडतो. एवढा सीन जाऊ दे.” पुढच्या सीनलाबी तेच म्हणले.

शरदचंद्र साहेबांना दम निघंना. वीस मिनिटं वाट बघितली अन् चालू पिक्चरमध्येच स्टेजवर चढून माईक घेतला. “मित्रहो, आपण पाहतच आहात, या यंत्राची किती दयनीय अवस्था झाली आहे...” मागं पडद्यावर हिरॉईन आरशासारखी स्वच्छ.

बद्रीनाथ शेठ उभे राह्यले. “साहेब, दयनीय? माझ्या घरच्या टीव्हीपेक्षा भारी दिसून राह्यलं! मंग नवीन मशीन कशाला? ते राहू द्या, गाळ्याचं बोला.”

अख्खी टॉकीज हसली. “गाळ्याचं बोला, गाळ्याचं बोला!” साहेब चांगलेच अडकले, अन् अडकलेला माणूस काहीबी बोलतो. म्हणले, “अहो, आज नशिबानं चाललंय! हे मशीन कायम बंद पडायचं. रोज अंधार व्हायचा, रोज!”

वरच्या खोलीत सगळं ऐकू जात होतं. धाडकन दार उघडलं अन् हे बाहेर. गुडघा दुखतो म्हणून घरी पाण्याचा तांब्या उचलत न्हाईत, पण जिना असा उतरले की जसे पोलीस मागं लागलेत. गर्दीतून स्टेजवर चढले अन् साहेबांच्या हातातला माईक घेतला.

“साहेब, खोटं बोलू नका! बाकी काहीबी बोला. ह्या मशीनला काहीच खराबी न्हाई. चाळीस वर्षांत ह्या पडद्यावर एकदाबी अंधार...”

अन् अंधार झाला.

आता हे कशामुळं झालं ते ऐका. ह्या जुन्या मशीनमध्ये बल्ब नसतो. दोन कार्बनच्या काड्या समोरासमोर ठेवतेत, त्यांच्या मधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर जातो. काड्या जळून आखूड होतेत, म्हणून मिनिटामिनिटाला हँडल फिरवून त्या जवळ आणाव्या लागतेत. वर माणूस नसला की काड्या लांब जातेत अन् उजेड मरतो. चाळीस वर्षांत चालू मशीन सोडून हे पहिल्यांदा खाली आल्ते, अन् तेबी मशीनची अब्रू राखायला.

घुप्प अंधार. हिरॉईनचं गाणं नुसतं ऐकू येतंय. माझ्या पोटातून कुठून काय आलं मला माहीत न्हाई, मी उभी राह्यले अन् तोंडाला हात लावून ओरडले, “ए ऑपरेटर! झोपला का रे?”

झालं! मंग कोण थांबतंय? शिट्ट्या सुटल्या, खुर्च्या आपटल्या. पन्नाशी-साठीचे शेठ लोक गळा काढून ओरडून राह्यले, “ए ऑपरेटर! पैसे परत दे!” एकानंबी पैसे दिलेले नव्हते. खाली माझा माणूस अंधारात गर्दीतून वाट काढत म्हणून राह्यला, “आलो, आलो! माफ करा, आलो!” तो आवाज ऐकला अन् माझं हसू जागच्या जागी मेलं.

मी त्यांच्या मागं खोलीत गेले. मोबाईलची बॅटरी लावून धापा टाकत बद्रीनाथ शेठबी वर आले. ह्यांनी काड्या जवळ आणल्या, ठिणगी पडली, खाली पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. शेठ भिंतीला टेकून बघत राह्यले. खोली भट्टीसारखी तापलेली.

“हे हँडल असं दर मिनिटाला फिरवावं लागतं?” शेठनं विचारलं.

“दर मिनिटाला.”

“तीन-तीन तास? रोज चार शो?”

“हो.”

“अन् लघवीला?”

“इंटरवलला.”

“अन् आजारी पडले तर?”

“पडलोच न्हाई,” हे म्हणले. मी म्हणलं, “खोटं हाय शेठ. अंगात ताप घेऊन उभे राह्यले. आमचा पोरगा प्रेम झाला तेव्हा त्याचं तोंड बघायला शेवटचा शो सुटल्यावर आल्ते.”

शेठ म्हणले, “रामकिसन, अन् तुम्ही गेल्यावर?”

ह्यांनी हँडल फिरवलं. शेठकडं न बघता म्हणले, “मंग तुम्हाला नवीन मशीन घ्यावी लागंल, शेठ. घ्या ना.”

आमच्या संसारात ह्या माणसानं कुणाजवळ काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं, मी डोळे पदरानं पुसले.

शेठ खाली गेले अन् माईकवर म्हणले, “गाळ्याचा विषय आपल्याकडून बंद. नव्या मशीनसाठी पहिलं नाव माझं लिहा.” मंग ज्यानं जिन्याची मापं घेतली होती तोच उठला, अन् त्याच्यामागं सगळी रांग लागली. कुणालाबी दुसऱ्यापेक्षा कमी दिसायचं नव्हतं. दिवाळीपर्यंतची काळजी त्या दुपारीच मिटली.

वर हे मला म्हणले, “बेबी, आज मी माझ्याच हातानं माझी नोकरी घालवली बघ. नवीन मशीन बटणावर चालते.” हसून म्हणले, पण डोळे काही हसंनात.

मी म्हणलं, “सरका. खाली जा अन् खुर्चीत बसून बघा.”

“अन् हँडल?”

“रोज डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही जेवायचे अन् हँडल कोण फिरवायचं? ते बरं कुणाला सांगत न्हाई!”

ह्यांनी हँडल माझ्या हातात दिलं, माझा हात नीट बसवला अन् गेले. मी उजेड जातो त्या भिंतीतल्या खिडकीतून खाली बघितलं. बद्रीनाथ शेठनं आपल्या शेजारची खुर्ची त्यांना दिली. अख्खी टॉकीज पडद्याकडं बघून राह्यली होती, अन् एकटा माझा नवरा मान वळवून माझ्या खिडकीकडं. मी हातानं खुणावलं, पुढं बघा, पुढं. पिक्चर संपला तरी त्यांनी मान पुढं वळवली न्हाई, अन् मीबी अंधार होऊ दिला न्हाई.