दोनशे चौदावर ठेवलेली कॅसेट

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या चेन्नईत सापडायचा नाही. भाजीवाल्यावर, लिफ्टवर, घड्याळावर ते संशय घेतातच, पण तो किरकोळ झाला. खास दर्जाचा संशय त्यांनी राखून ठेवलाय तो त्यांच्या हिंदी गाण्यांच्या कॅसेटी ऐकायला येणाऱ्यांसाठी, आणि असा येणारा मी एकटाच. मी मूळचा साताऱ्याचा. आठवडाभर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासायचे आणि रविवारी वेलचेरीहून वेस्ट मांबलमला मामांकडे जायचं, हा माझा सहा वर्षांचा नेम. या शहरात माझ्या कानांना तेवढंच माहेर होतं.

मामा तंजावरकडचे. नोकरीत उत्तरेला बदली झाली तेव्हा तिथून दोन ट्रंका भरून कॅसेटी घेऊन आले. त्या स्टीलच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली जानव्याला. गाणं मागितलं की आधी चौकशी. "हेंच गाणें कां?" मी म्हणायचो, सहज. "सहज कोणी मागत नाही, जांवई." त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरात उतरलं ते परत गावी गेलंच नाही, त्या मराठीत उलटतपासणी झाली की आपण एखाद्या सरदाराचा घोडा पळवलाय असं वाटतं. एखाद्या जागेवर मी 'वा' म्हटलं तर टेप थांबवून विचारायचे, "कशाला वा?" मला सांगता यायचं नाही, कारण खरं तर मी तेव्हा जेवणाचा विचार करत असायचो. फोनवरच्या गाण्यांवर तर त्यांचा उघड आरोप होता. एकदा त्यांनी तेच गाणं फोनवर आणि टेपवर लावून घड्याळ धरलं. फोनवर चार सेकंद कमी भरले. "चार सेकंद कोणी खाल्ले?" त्यांच्या टेपचा पट्टा सैल झालाय आणि ती रेंगाळते, हे मी इंजिनिअर असून बोललो नाही. रविवार गमवायचा नव्हता.

मामींना या गाण्यांचं वावडं. त्यांचं सगळं आयुष्य कर्नाटक संगीतात गेलं. मामांनी टेप लावली की त्या "झाला गोंगाट सुरू" म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. चाळीस वर्षं रोज.

एका रविवारी संध्याकाळी मामा नेहमीसारखे तासभर देवळात गेले. सांबार-भात अंगावर आलेला, मी खुर्चीतच पेंगत होतो. जाग आली तेव्हा मामी टेपपाशी उभ्या होत्या. आवाज इतका बारीक की कान स्पीकरला टेकलेला. हातात पळी, आणि पळी ताल धरत होती. मला डोळे उघडे ठेवून बघताना पाहिलं आणि त्यांनी खटकन बटण बंद केलं.

"ह्यांना सांगूं नका हो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षें गोंगाट म्हटलें मी. आतां तोंड कुठें लपवूं?"

मी वचन दिलं. वचनात काही धोका असेल असं तेव्हा वाटलं नाही. पण मामा आले ते चप्पल काढून थेट टेपकडे, चष्मा वर करून कॅसेटबरोबर फिरणाऱ्या आकड्यांकडे. "दोनशें चौदावर ठेवून गेलों होतों. आतां तीनशें सत्तर." मग माझ्याकडे वळले. "किती रविवार चाललें आहे हें?"

मामी पळीकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मीच लावली, मामा."

"ऐयो, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें मला!" इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझे रविवार त्याच क्षणी बंद झाले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, देवळातून, दबक्या आवाजात. "जांवई, चोर तुम्ही नव्हां. तुम्ही येत नाही तरी आकडा रोज पुढें जातो." घरच्या माणसावर संशय घ्यायचं बिचाऱ्यांना तोवर सुचलंच नव्हतं.

"मग या रविवारी येऊ?"

"नक्को. चोराला परत कसा घेतला म्हणून ती विचारील. तिला कळलें कीं मला कळलें, तर ऐकायचें सोडील ती. चोर तुम्हीच राहा."

"अहो, पण दोघं मिळून ऐका ना!"

"माझ्यासमोर बसवेल तिला? तुम्हीच सांगा." मग आणखी हळू म्हणाले, "मी हल्लीं देवळांत अर्धा तास जास्त बसतों. कपाट उघडें ठेवतों. तिला कोणतें आवडतें तें आकड्यावरून काढायचें. दुसरा काय उपाय?"

तेव्हापासून मी रविवारी घरीच फोनवर गाणी ऐकतो, चार सेकंद कमी असलेली. बायको म्हणते, "लाज वाटत नाही मामाच्या कॅसेटी चोरून ऐकायला?" मी मान खाली घालतो. मला ते आता बरं जमतं.

परवा नात्यातल्या लग्नात मामा-मामी शेजारी बसले होते, मी मागच्या रांगेत. मामी अक्षता मुठीत धरून, मान बारीक डोलवत काहीतरी गुणगुणत होत्या. मामांनी न कळेलसा कान तिकडे वळवला आणि त्या लगेच गप्प झाल्या. जेवणाच्या रांगेत मामा माझ्यामागे येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हांला ऐकूं आलें कां? कोणतें होतें?"

मांडवात नादस्वर इतक्या जोरात चालला होता की मलाही काही ऐकू आलं नव्हतं.