कुंडी बदलली, पत्ता नाही

माझी आत्या आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. फोनवर तिचा आवाज मधासारखा. घरात मात्र तिच्या ‘नाही’वर अपील नव्हतं. लग्न केलं नाही, कुणाची मिंधी राहिली नाही.

निवृत्तीनंतर एकदा पडदे काढताना ती स्टुलावरून पडली आणि डावं मनगट मोडलं. बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, लगेच जाहीर केलं, “ताई, आता तू आमच्याकडेच राहायचं.” विचारलं नाही, सांगितलं.

“आणि ते झाड?” आईने विचारलं.

आत्याच्या दिवाणखान्यात छातीइतका उंच पाम होता. कुंडीला तडा गेला होता, खालच्या भोकातून मुळं बाहेर डोकावत होती.

“देऊन टाकू कुणालातरी,” बाबा म्हणाले. “हिचं हिला होईना, त्यात ही ब्याद कशाला?”

आत्या गप्प बसली. तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

ती आपल्याच घरी राहिली. प्लास्टर निघालं आणि तिने एकटीने कुंडी बदलायचा उद्योग केला. जमिनीवर जुनी चादर अंथरली, कुंडी आडवी केली आणि हातोडीने फोडली. थोडीशीच मोठी, तळाला भोकं असलेली नवी कुंडी आणली होती. तिच्यात पाम आधी होता तेवढाच खोल बसवला, माती भरली, एकदा भरपूर पाणी दिलं आणि ऊन थेट पडणार नाही अशा बेताने खिडकीजवळ ठेवला. मग आम्हाला फोन केला. “येऊन बघा.”

चार दिवसांनी आम्ही गेलो तोवर पामने माना टाकल्या होत्या. खालची पानं पिवळी, टोकं तपकिरी.

“बघ!” बाबांना जोर चढला. “एक झाड नीट ठेवता येत नाही, आणि म्हणे एकटी राहीन.”

“मुळं दुखावलीत त्याची. सावरायला वेळ लागतो.”

आईने पिशवीतून खताची पुडी काढली. “थोडं घालू या का, वन्सं? ताकद येईल.”

“आजाऱ्याला ताटभर वाढतं का कुणी? आत ठेव ती पुडी.”

“निदान गॅलरीत उन्हात तरी ठेव,” बाबा म्हणाले.

“जागेवरून हलणार नाही.”

“कोण? झाड?”

“दोघंही.”

मग आत्या चहा टाकायला आत गेली. बाबांनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि मुकाट्याने कुंडीकडे वळले. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्या मागे उभी. तिने त्यांचं मनगट धरलं.

“मातीत बोट घालून बघितलंस? अजून ओली आहे. कुजवायचंय का त्याला?”

“सोड ना ताई, दुखतंय!”

“हा माझा मोडका हात आहे.”

बाबांनी जग खाली ठेवला. आईने हसू दाबायला पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. त्या दिवशी बाबा चहा न घेताच निघाले आणि बरेच दिवस फुरंगटून बसले.

पाम काही चटकन सावरला नाही. आणखी दोन पानं गेली. ती पुरती वाळल्यावरच आत्याने कापली. हिरवं काही कापू दिलं नाही. वरची माती कोरडी झाली की पाणी, एरवी नाही. ओल्या फडक्याने पानं पुसायची, बस. मी फोन केला की म्हणायची, “रडतोय अजून. पण मेला नाही.”

मग एके दिवशी मधोमध भाल्यासारखा एक हिरवा कोंब वर आला. हे कळलं तेव्हा बाबा स्वतःहून गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले.

“एक पान आलं म्हणून काय झालं, ताई?”

“एका वेळी एकच येतं त्याला,” आत्या म्हणाली. “आणि हे बघ, उद्यापासून केरफरशीला बाई येणार आहे. मीच ठरवली. जड कामं आता जमत नाहीत, ते मला कळतं. ते तू सांगायची गरज नाही.”

बाबा सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “मग त्या दिवशीचा राहिलेला चहा तरी टाक, आणि बिस्किटं काढ.”