पाबळकरणीचे पाय

आमची मंडळी वाफ्यात अनवाणी उभी राहायची आणि न बघता सांगायची, "भरला, फोडा बारं," म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात सोडा. जमीन किती प्याली ते तिच्या तळपायाला कळायचं. माहेर पाबळचं, कोरडवाहू. बागायती राहू गावात लग्न होऊन आली आणि पाण्याला हावरटासारखी चिकटली. भावकी तिला पाबळकरीणच म्हणायची.

मग शुगर आली. एक दिवस रानातून आली ती एकाच पायात चप्पल. दुसरी कुठं गळाली तिला ठाऊक नव्हतं. मी हसलो. ती हसली नाही.

दौंडच्या डॉक्टरांनी नसा तपासायला शिरूरला धाडलं. मशीनवर एक बाई होती. तिनं पैंजण काढायला लावले, घोट्यामागं पट्ट्या चिकटवल्या आणि म्हणाली, "आजी, पोटरीला करंट देणार, घाबरू नका."

"आई गं! लागलं, लागलं!" पाबळकरीण ओरडली.

"आजी, मी अजून बटण दाबलंच नाही."

ही शरमली. लागतंय म्हटलं की पास करतील आणि रानात पाणी द्यायला, दारं धरायला मोकळं सोडतील, असं तिच्या डोक्यात. मग बाईनं खरंच बटण दाबलं. वाढवत गेली. हिचा चेहरा हलला नाही. पडद्यावरची रेघ सपाटच.

मी म्हणालो, "मशीन बिघडलंय तुमचं. माझ्या पायाला लावा." मी हटून बसल्यावर बाईनं लावलं. सणकन चटका बसला आणि पडद्यावर छान उंचवटा आला. माझीही रेघ सपाट राहिली असती तर मशीनच खोटं ठरलं असतं, मी पेढे वाटले असते.

पाबळकरीण बघत होती. म्हणाली, "आळशी माणसाच्या नसा शाबूत राहत्यात. वापरल्यात कुठं?"

बाई तोंड फिरवून हसली. मलाही हसू आलं.

गेलेली जाणीव परत येईल असं औषध नाही, डॉक्टर म्हणाले. अनवाणी फिरायचं नाही, पाय रोज बघायचे, गरम पाण्यात पाय घालायचा नाही. पाय मी बघायचो. न्हाणीतल्या पाण्यात आधी मी हात घालायचो. "आता बसा," म्हणालो की ती बसायची. तेवढं ऐकायची. चपलेचं ऐकायची नाही. म्हणायची, "चप्पल घालून दारं धरू? मग हातमोजे घालून भाकरी पण थापते."

बांधावर चपला काढून ठेवायची. मी ओरडायचो, ती वाफ्यात. पण आता वाफा फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं तरी तिला कळायचं नाही. खाली बघत उभी राहायची, हरवल्यासारखी.

एक दिवस तोडलेल्या उसाचं बुडखं तळपायात घुसलं. ती तशीच घरी चालत आली आणि चहा ठेवला. ओट्याजवळ रक्त मी बघितलं. "कुणाचं वं?" तिनंच विचारलं.

जखम भरली नाही. आधी अंगठा काढला, मग विष अंगभर गेलं. आमच्या हातात काही राहिलं नाही.

शेवटची आंघोळ घालायला अंगणात पाणी आणलं. मी पुढं होऊन सवयीनं हात घातला आणि म्हणालो, "थांबा. लई कढत हाय."

बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग सूनबाई उठली आणि गार पाण्याची कळशी घेऊन आली.