आबांची माळ आणि मॉर्फिनची गोळी

सगळा दोष माझ्या तोंडाचा. जळगावच्या डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा त्या अफूपासून होतात हे घरी येऊन मीच सांगितलं. आबा चाळीस वर्षांचे माळकरी. त्यांनी पाकीट बाजूला सारलं. मला तर अभिमानच वाटला. शुद्धीत, नाव घेत जातील, चारचौघांत सांगता येईल, असं मनात होतं.

कॅन्सर हाडात उतरला होता. आधी वेदनेनं झोप गेली. झोप नाही म्हणून अन्न जाईना, आणि अन्न नाही म्हणून कुशीवर वळायचंही बळ राहिलं नाही. पडून पडून धाप लागायची. धाप लागली की ते घाबरायचे, घाबरले की कळ आणखी चढायची. मी पायाशी बसून मुक्ताईचं नाव घ्यायला लावायची. एकदा घेतलं की कण्हणं सुरू. देव आहे तरी का, असंही तेव्हा वाटून गेलं.

पाकीट सारल्याच्या दहाव्या दिवशी मी मुक्ताईनगरला देवळात गेले. आबांना बरं कर एवढंच मागायचं होतं, पण पायरीवरच रडू फुटलं. शेजारी शिंदखेड्याची एक माळकरी म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. तिचा नवराही याच दुखण्यानं गेलेला, गोळी न घेता. शेवटी त्याची दातखीळ बसली, नाव राहूनच गेलं म्हणाली. मग माझा हात धरला.

"माय, तुना बापनं बठ्ठं बळ दुखनामा जाई ऱ्हायनं शे. नाव लेवाले काय उरी?"

सगळं बळ दुखण्यातच चाललंय, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. दर्शन घेऊन आले तर ती तिथं नव्हती.

घरी येऊन आबांना सांगितलं, माझं चुकलं, हे व्यसन नाही, औषध आहे. पायरीवर कोण भेटलं तेही सांगितलं. त्यांनी गोळीसाठी तोंड उघडलं. त्या संध्याकाळी ते झोपले. उठल्यावर चार चमचे पेज घेतली, धापही कमी झाली. गोळीनं पोट जड झालं, जीव पुन्हा कासावीस झाला, त्यालाही औषध द्यावं लागलं. बरे मात्र झाले नाहीत.

सहाव्या सकाळी त्यांनी मुक्ताईचं नाव घेतलं, स्वच्छ. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पह्यलेच दिली असती तं बरं झालं असतं, बाई." रागानं नाही. दुपारी गेले.

आता मी मुक्ताईपाशी काही मागत नाही, ती देईल ते घेते. ते सहा दिवस तिनं दिले. आधीचे दहा माझे आहेत, तेवढेच रोज तिच्या पायाशी ठेवते.