उघड्या पत्र्यावरचा पंजा

अमरावतीच्या एका मास्तरांची पांढरी गाडी पावसाळा संपता संपता अकोल्याला, आमच्या वर्कशॉपमध्ये परत आली. उन्हाळ्यात आम्हीच तिच्या दाराचा पोचा काढून रंग दिला होता. आता त्याच दारावर ओळीने पाच फोड आले होते. मिस्तरींनी पटाशीने एक फोडला. खाली गंज.

"बोटं हायेत हे," ते म्हणाले. "कोनाचा तरी घामेजला हात उघड्या पत्र्याले लागला, अन् त्याच्यावरच प्रायमर मारला."

आम्ही तिघे कारागीर. माझे तळवे तिथेच ओले झाले. शाळेत असताना पेपरावर शाई फुटायची ती ह्याच हातांमुळे. आठवीनंतर शाळा सुटली, हात तेच राहिले. आणि पोचा कुठे उरलाय हे तर तळहात फिरवूनच कळतं.

मिस्तरींनी भंगारातला एक पत्रा घासून लख्ख केला. "ठेवा पंजे. सकाळी पाहू."

"हा कोकण्या समुद्र संगं घेऊन आला असंन," एकजण हसला. मला हसू आलं नाही.

मी मिस्तरींच्याच घरी जेवायचो. त्या दिवशी अर्धी भाकर ताटात ठेवून उठलो. "काहून नाई जेवला रे?" काकूंनी विचारलं. "भूक नाही," म्हणून मी ताट घासायला घेतलं. दाखला न मागता मला ठेवून घेणारं दुसरं कोण होतं?

सकाळी दोन पंजे पुसट होते. माझा मात्र तांबडा, रेघांसकट उठलेला.

मी पिशवीत कपडे भरायला लागलो.

"कुठी निंगाला बे?"

"घरी."

"मंग दार कोन घासंन? तुह्या बापाले बोलावू?" मिस्तरींनी जुन्या धोतराचा मऊ, धुतलेला तुकडा पत्र्यावर टाकला, वर माझा हात ठेवला. "फिरव. काय लागते?"

कापड सरकत होतं, हात अडखळत नव्हता. "इथे खोल आहे. नखाएवढं."

त्यांनी स्वतः चाचपून पाहिलं. "हाव."

मास्तरांचं दार मी पत्र्यापर्यंत घासलं, गंज काढला, थिनरने पुसलं. हाताखालचं कापड एकदाही सुटू दिलं नाही. प्रायमर त्याच दिवशी मारायचा असतो, पण मिस्तरींनी स्प्रे गन उचलून ठेवली. "राहू दे रातभर उघडं."

सकाळी ते दारासमोर उकिडवे बसले. मी मागे, हात पाठीशी. हँडलपासून खालपर्यंत त्यांची नजर सावकाश उतरली आणि थांबली.

"हे काय हाय?"

कडेला एक तांबूस ठिपका. त्यांनी बोट ओलं करून तो घासला, वास घेतला, गालातली तंबाखू-सुपारी सारली आणि मान खाली घातली.

"माहाच खर्रा उडाला वाट्टे."

मग त्यांनी घासायचा कागद हलका फिरवला, दार पुन्हा थिनरने पुसलं आणि गन माझ्या हातात दिली. "पाहून काय राहिला? मार."